जन्मतारीख ही तारीखच राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑनलाइन अर्जात भरलेली जन्मतारीख छापील प्रतीवर एक दिवस मागे गेलेली दिसते, अशी तक्रार आपल्या वाचकांच्या पत्रांत मध्यंतरी काही ज्येष्ठांनी केली होती. त्यावर 'सर्व्हरचा प्रॉब्लेम असेल, पुन्हा भरून बघा' असा सल्लाही एकाने दिला. पुन्हा भरून काही होणार नाही. कितीही वेळा भरा, तोच आदला दिवस येईल, कारण यंत्र बिघडलेले नाही. त्याला जे सांगितले आहे तेच ते करते आहे. चूक प्रोग्राम लिहिणाऱ्याने तारीख कशात साठवली, यात आहे. ती नेमकी दाखवता येते आणि दुरुस्तही करता येते. पत्र लांबणार आहे, पण अपुरे सांगून हा विषय कळणारा नाही, म्हणून जागा मागते.

मी सांगलीत राहते आणि पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. मुदत ठेव, आवर्ती ठेव, पिग्मी, कर्ज, थकबाकी, लॉकरचे भाडे. आमच्या कामात तारखेशिवाय एकही नोंद होत नाही. व्याज तारखेवर, मुदत तारखेवर, ज्येष्ठ नागरिकाचे जादा व्याज जन्मतारखेवर. जावा ही प्रोग्राम लिहिण्याची माझी रोजची भाषा आहे. त्यामुळे आधी जावाबद्दल लिहिते. दुखणे मात्र इतर भाषांतही तेच आहे.

संगणकाच्या दृष्टीने दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. एक क्षण आणि दुसरी तारीख. खात्यात पैसे जमा झाले, तो क्षण. सांगलीत बसून मोजा नाहीतर सिंगापुरात, तो एकच असतो. फक्त घड्याळातले आकडे वेगळे दिसतात. जन्मदाखल्यावर लिहिलेली असते ती तारीख. तिला घड्याळ नाही आणि देशही नाही. कोल्हापुरात जन्मलेली मुलगी पुढे टोरांटोला स्थायिक झाली म्हणून तिची जन्मतारीख बदलत नाही. मुदत ठेवीची मुदत संपते तीही तारखेला, क्षणाला नव्हे.

जावामध्ये पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९६ पासून, 'डेट' नावाचा एक क्लास, म्हणजे ठरावीक प्रकारची माहिती ठेवण्याचा नमुना, आहे. नाव डेट, पण त्याच्या पोटात तारीख नसतेच. असते ती एकच संख्या: १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिच मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले किंवा बाकी होते. म्हणजे तो क्षण आहे. आपण तो छापायला सांगतो तेव्हा जावा त्या यंत्रावर कोणता टाइम झोन, म्हणजे कोणत्या भागाची वेळ, लावला आहे ते पाहते आणि मग दिवस, महिना, वर्ष काढते. यंत्र बदलले की तारीख बदलू शकते.

आता १ मे १९६० ही जन्मतारीख घ्या. मोबाइलवर कॅलेंडर उघडून कुणी ती निवडली की अनेक फॉर्ममध्ये ब्राउझर तिचा अर्थ 'भारतीय वेळेप्रमाणे १ मेची मध्यरात्र' असा लावतो. भारतीय वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणून सर्व्हरकडे, म्हणजे फॉर्म स्वीकारणाऱ्या पलीकडच्या संगणकाकडे, जो मजकूर जातो तो असतो '१९६०-०४-३०, १८:३०'. सर्व्हरवर ग्रीनिचशी जुळणारी यूटीसी वेळ लावलेली असते, आणि ते योग्यच आहे. तिथल्या प्रोग्रामने या मजकुरातली पहिली दहा अक्षरे उचलली, किंवा तो जुन्या डेटमध्ये घालून छापला, की ३० एप्रिल तयार. हा १८:३० चा आकडा आपल्याकडच्या बहुतेक प्रोग्रामरनी कधी ना कधी पाहिलेला असतो. अमेरिकेतल्या प्रोग्रामरला तो दिसत नाही. तिथली मध्यरात्र यूटीसीत त्याच दिवशीची पहाट असते, त्यामुळे इथे गंडणारा प्रोग्राम तिथे बिनबोभाट चालतो. बाहेरून आणलेल्या तयार सॉफ्टवेअरमध्ये हा दोष आपल्यालाच का भोवतो, याचे कारण हे आहे.

इथपर्यंत आल्यावर बहुतेक ठिकाणी काय करतात, तर पाचर मारतात. आलेल्या वेळेत सरळ साडेपाच तास मिळवायचे. १८:३० अधिक साडेपाच तास म्हणजे बरोबर मध्यरात्र. तारीख जागेवर येते. प्रोग्रामर आपली स्वतःची जन्मतारीख घालून बघतो, शेजारच्याची घालतो, दोन्ही बरोबर येतात, आणि काम संपले म्हणून सही होते.

ही पाचर कुठे निखळते ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक आहेत, जन्म १२ नोव्हेंबर १९४३. एका ठिकाणी ऑनलाइन माहिती भरताना त्यांची तारीख ११ नोव्हेंबर छापून यायची. पत्नीचा जन्म १९५१ चा. त्याच फॉर्मवर, त्याच फोनवरून तिची तारीख बरोबर यायची. साहजिकच काउंटरवरच्या माणसाने निष्कर्ष काढला की फॉर्म ठीक आहे, गुरुजींच्याच कागदपत्रांत घोळ असणार. शाळा सोडल्याचा दाखला आणा, प्रतिज्ञापत्र करा, असे सुरू झाले. ऐंशी ओलांडलेला माणूस स्वतःची जन्मतारीख सिद्ध करत फिरत होता.

मी माझ्या लॅपटॉपवर तोच फॉर्म उघडला आणि ब्राउझर बाहेर काय पाठवतो ते पाहिले. पत्नीच्या तारखेला अपेक्षेप्रमाणे १८:३० जात होते. गुरुजींच्या तारखेला जात होते '१९४३-११-११, १७:३०'. एक तास कमी. ते आकडे दिसले आणि सगळा उलगडा झाला. दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारतातली घड्याळे एक तास पुढे केलेली होती. ग्रीनिचच्या साडेपाच नव्हे, साडेसहा तास पुढे. जगभरच्या वेळांच्या अशा बदलांची एक नोंदवही ठेवलेली असते, जावा आणि ब्राउझर दोघेही तीच वापरतात, आणि तिच्यातल्या 'एशिया/कोलकाता' या नोंदीत युद्धकाळातला हा तास इमानेइतबारे लिहिलेला आहे. म्हणून ब्राउझरने मध्यरात्रीतून साडेसहा तास वजा केले. पलीकडच्या प्रोग्रामने डोळे मिटून साडेपाच मिळवले. उत्तर आले ११ नोव्हेंबर, रात्रीचे ११. तारीख आदल्या दिवशीची.

म्हणजे आज ज्यांचे वय ऐंशीच्या घरात आहे, नेमक्या त्याच लोकांना हा दोष पकडतो. हयातीचे दाखले, निवृत्तिवेतन, ज्येष्ठांच्या सवलती या सगळ्यांत ज्यांना जन्मतारीख वारंवार भरावी लागते तेच हे लोक. आणि प्रोग्राम तपासणारी मुले पंचवीस वर्षांची, त्यांच्या कुणाच्या तारखेने तो दोष उघडा पडत नाही. ब्राउझर बरोबर होता, नोंदवही बरोबर होती, गुरुजींचा दाखला तर शंभर टक्के बरोबर होता. मुळात जन्मतारखेला मध्यरात्र चिकटवायचीच गरज नव्हती. वर्ष, महिना, दिवस हे तीन आकडे जसेच्या तसे पाठवले असते तर महायुद्धाचा आणि त्या फॉर्मचा काही संबंधच आला नसता.

यावर कुणी म्हणेल, मग प्रोग्रामर असे का करतात? माझे उत्तर स्पष्ट आहे: त्यांना तसेच शिकवले जाते. आमच्याकडे इंटर्नशिपला अभियांत्रिकीची आणि संगणक पदवीची मुले-मुली येतात. हुशार असतात, कष्टाळू असतात. मी पहिल्या आठवड्यात त्यांना एक 'ठेव' नावाचा क्लास लिहायला सांगते: ठेवीदार, रक्कम, व्याजदर, ठेवल्याची तारीख, मुदतपूर्तीची तारीख. जवळजवळ प्रत्येकजण वरच्या ओळीत जुना डेट क्लास आणतो. का, असे विचारले की उत्तर येते, "मॅडम, जर्नलमध्ये असंच आहे." जर्नल म्हणजे प्रॅक्टिकलची वही. ती वर्षानुवर्षे एका तुकडीकडून दुसरीकडे जाते.

त्या जर्नलमधल्या गोष्टी किती जुन्या आहेत ते सांगते. डेट क्लासमध्ये वर्ष १९०० पासून मोजायचे आणि महिने शून्यापासून. २०२४ असे सरळ लिहिले तर सन ३९२४ होते. पाचवा महिना म्हणून ५ लिहिले तर जून येतो. हे जमत नाही हे जावाच्या कर्त्यांना लगेच कळले. १९९७ च्या आवृत्तीत त्यातल्या बहुतेक मेथड, म्हणजे क्लासकडून करून घ्यायची कामे, 'वापरू नका' म्हणून बाजूला टाकल्या आणि 'कॅलेंडर' नावाचा दुसरा क्लास दिला. त्यातही महिने शून्यापासूनच राहिले. शेवटी स्टीफन कोलबर्न या प्रोग्रामरने 'जोडा-टाइम' नावाची स्वतंत्र लायब्ररी, म्हणजे कुणालाही वापरता येणाऱ्या तयार क्लासचा संच, लिहिली, ती इतकी वापरात आली की तिच्याच अनुभवावर जावामध्ये तारीख-वेळेची नवी मांडणी करायचे काम २००७ मध्ये औपचारिकरीत्या सुरू झाले, आणि मार्च २०१४ मध्ये जावा ८ बरोबर 'जावा डॉट टाइम' हे पॅकेज, म्हणजे क्लासचा गट, सगळ्यांच्या हातात आले. त्यालाही दशकाहून अधिक काळ उलटला. तरी आपल्या मुलांच्या वहीत १९९६ चा डेट आणि १९९७ चा कॅलेंडर ठाण मांडून आहेत.

मला याचे वाईट वाटते ते केवळ जुनेपणामुळे नाही. ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धत, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र बांधलेल्या 'ऑब्जेक्ट'मधून प्रोग्राम रचणे, हे शिकवायला तारखेइतके चांगले उदाहरण दुसरे नाही, आणि तेच आपण वाया घालवतो. वर्गात व्याख्या पाठ करून घेतात: ऑब्जेक्टने आपली आतली माहिती सांभाळायची, बाहेरच्याने तिला परस्पर हात लावायचा नाही. आता माझ्या मुलांच्या ठेव क्लासकडे या. मुदतपूर्तीची तारीख 'प्रायव्हेट', म्हणजे बाहेरच्यांना बंद, केलेली असते, ती वाचायला एक मेथड असते, सगळे नियमाने. मग मी त्यांना अहवालाचा प्रोग्राम लिहायला सांगते: मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवीदाराला स्मरणपत्र काढायचे. मुले ठेवीकडून तारीख मागून घेतात, तिच्यात एक दिवस वाढवतात आणि स्मरणपत्रावर छापतात. अहवाल बरोबर येतो. मग मी ठेव पुन्हा छापायला सांगते. मुदतपूर्ती एक दिवसाने पुढे गेलेली असते. अहवाल पुन्हा काढला की आणखी एक दिवस. कुणीही ठेवीला हात लावला नव्हता. हातात दिलेली तारीख हीच ठेवीच्या आतली तारीख होती आणि ती बदलता येत होती. त्या क्षणी मुलांना 'प्रायव्हेट' शब्दाचा अर्थ कळतो तसा तो कोणत्याही व्हायवात कळत नाही.

नव्या पॅकेजमधल्या 'लोकलडेट' या क्लासची तारीख बदलता येतच नाही. तिच्यात एक दिवस मिळवा म्हटले की ती जागची हलत नाही, दुसरी नवी तारीख तुमच्या हातात देते. मूळ तारीख ठेवीकडे सुखरूप राहते. याचीही एक खोच आहे: मिळालेली नवी तारीख कुठे ठेवून घेतली नाही तर केलेली बेरीज वाया जाते आणि प्रोग्राम तक्रारही करत नाही. नवशिक्यांना हे एकदा दाखवावे लागते. पण ते दाखवायला दहा मिनिटे पुरतात, आणि जुन्या पद्धतीतली चूक शोधायला दिवसच्या दिवस जातात.

आणखी महत्त्वाचे म्हणजे नव्या पॅकेजमध्ये प्रत्येक गोष्टीला तिचा स्वतंत्र क्लास आहे. नुसती तारीख हवी तर लोकलडेट. क्षण हवा तर 'इन्स्टंट'. अमुक गावची अमुक वेळ हवी तर 'झोन्डडेटटाइम'. महिना आणि वर्ष एवढेच ठाऊक असेल तर 'इयरमंथ'. दोन तारखांमधले वर्षे-महिने-दिवस हवे असतील तर 'पीरियड', दोन क्षणांमधले तास-मिनिटे हवी असतील तर 'ड्युरेशन'. सुताराच्या पेटीत पटाशी, रंधा आणि गिरमिट वेगळे असतात तसे. प्रोग्राम लिहितानाच माणसाला स्वतःला विचारावे लागते की आपल्या हातात नक्की काय आहे. जन्मतारखेसाठी लोकलडेट निवडली की १८:३० आणि १७:३० चा प्रश्नच उद्भवत नाही. २९ फेब्रुवारी २०२३ अशी नसलेली तारीख द्यायचा प्रयत्न केला तर ती साफ नकार देते आणि कारणही सांगते, की हे लीप वर्ष नाही. जुना डेट काही न बोलता १ मार्च करून टाकायचा.

पतसंस्थेच्या कामातले एक उदाहरण देते, कारण ते प्रत्येक ठेवीदाराच्या पैशाशी निगडित आहे. ३१ जानेवारीला कुणी मासिक व्याजाची ठेव ठेवली. पुढचे व्याज कधी? एक महिना मिळवला की लोकलडेट २८ फेब्रुवारी सांगते, लीप वर्षी २९. हे रास्त आहे. पण त्यापुढचे व्याज काढताना पुष्कळ जण आधीच्या उत्तरात म्हणजे २८ फेब्रुवारीत पुन्हा एक महिना मिळवतात. उत्तर येते २८ मार्च. मग २८ एप्रिल. महिनाअखेरीची ठेव कायमची २८ तारखेला चिकटते. तेच मूळ ३१ जानेवारीत दोन महिने मिळवले तर ३१ मार्च येते. म्हणून नियम असा, की हप्त्याची तारीख नेहमी मूळ तारखेपासून मोजायची, आधीच्या हप्त्यापासून नाही. हे कोणतीही भाषा आपोआप करून देत नाही. महिन्यांची बेरीज दिवसांच्या बेरजेसारखी वागत नाही, हे शिकवावेच लागते, आणि कोणत्याही जर्नलमध्ये मी ते आजवर पाहिलेले नाही.

वर्षअखेरीचाही एक सापळा आहे. तारीख छापण्याचा साचा देताना वर्षासाठी इंग्रजी 'वाय' हे अक्षर चार वेळा लिहितात. लहान लिपीत लिहिले तर वर्ष येते. मोठ्या लिपीत लिहिले तर येते आठवड्याचे वर्ष, म्हणजे तो आठवडा ज्या वर्षात धरला जातो ते. वर्षातले जवळजवळ सगळे दिवस दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे चूक लपून राहते. ३१ डिसेंबर २०२४ ला मोठे अक्षर वापरणाऱ्या प्रोग्रामने ३१ डिसेंबर २०२५ छापले असते, कारण तो मंगळवार पुढच्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मोडत होता. ठेव पावतीवर एक वर्ष पुढची तारीख! हा साचा इंटरनेटवरून उचलून डकवतात आणि अकरा महिने सगळे सुरळीत चालते. शिवाय तारीख छापणारा जुना क्लास एकाच वेळी दोन काउंटरवरून वापरला गेला तर एकाची तारीख दुसऱ्याच्या पावतीवर उमटू शकते. नव्या क्लासला ती भीती नाही.

३१ मार्चची गोष्टही इथेच सांगायला हवी. वर्षअखेरीचा प्रोग्राम नीट चालतो की नाही हे ३१ मार्चला रात्री कळून उपयोग नाही. जुन्या पद्धतीत 'आज कोणती तारीख' हे प्रोग्राम थेट यंत्राच्या घड्याळाला विचारतो. मग चाचणीसाठी लोक चक्क सर्व्हरचे घड्याळ पुढे करतात आणि मागे करायला विसरले की नव्या अडचणी. नव्या पॅकेजमध्ये 'क्लॉक' हासुद्धा एक ऑब्जेक्ट आहे. चाचणीच्या वेळी ३१ मार्चवर थांबवलेले क्लॉक प्रोग्रामच्या हातात द्यायचे, बस. ऑगस्टमध्ये बसून मार्चअखेर तपासता येते. ऑब्जेक्ट बाहेरून पुरवायचा म्हणजे काय, हे शिकवायला याहून सोपे उदाहरण मला तरी माहीत नाही.

आता आपल्या मातीतला एक प्रश्न, ज्याची परदेशी सॉफ्टवेअरला कल्पनाही नसते. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीत १ जून ही जन्मतारीख असलेली माणसे गावोगाव सापडतात. जन्माची नोंद नव्हती, शाळेत नाव घालताना गुरुजींनी वय बसेल अशी १ जून लिहिली. आमच्या संस्थांच्या सभासद यादीत तारखेनुसार क्रम लावला की १ जूनची रांग उभी राहते. काही प्रोग्राम 'नाव सारखे, जन्मतारीख सारखी, म्हणजे माणूस एकच' असे ठरवून दोन खाती जोडायला निघतात. आडनावे आणि नावे ठरावीक असलेल्या गावात हे फार धोक्याचे आहे. तसेच काही जणांच्या सुरुवातीच्या आधार कार्डावर फक्त जन्मवर्ष छापलेले होते. ज्याला वर्षच ठाऊक आहे त्याच्यासाठी जावामध्ये 'इयर' हा क्लास आहे. पण फॉर्म पूर्ण तारीख भरल्याशिवाय पुढे सरकत नाही, मग कुणीतरी १ जानेवारी भरतो, आणि ती भरलेली तारीख पुढे खरी म्हणून वावरते. माहिती किती खात्रीची आहे हेही ऑब्जेक्टमध्ये साठवता येते. तेवढा एक जादा रकाना ठेवायला काय हरकत आहे?

एका दिवसाने काय बिघडते, असे वाटणाऱ्यांसाठी एवढेच: सरकारी कर्मचारी निवृत्तीचे वय ज्या महिन्यात पूर्ण करतो त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, पण जन्म १ तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणजे २ जूनला जन्मलेला ३० जूनला निवृत्त होणार. कुठल्या प्रोग्रामने त्याची २ जूनची १ जून केली, तर तो ३१ मेलाच घरी. एका दिवसाच्या चुकीत पूर्ण महिन्याचा पगार जातो.

परदेशी असलेल्या मराठी मंडळींनाही तारीख-वेळेचा त्रास आहे, पण तो वेगळ्या जातीचा आहे. न्यू जर्सीतल्या मुलाने रात्री ९ वाजता, भारतीय वेळेप्रमाणे, दर रविवारी बोलायचे ठरवले तर तिकडे ते हिवाळ्यात सकाळी साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेअकरा असते. अशा भेटीची नोंद ठेवताना क्षण नव्हे, तर 'एशिया/कोलकाता इथले रात्रीचे ९' असे गावासकट साठवावे लागते. इथे टाइम झोन हवाच. जन्मतारखेत तो नको. कुठे हवा आणि कुठे नको, हा विवेक सगळ्या विषयाचा गाभा आहे.

जाता जाता एक खंत. जावाच्या या पॅकेजमध्ये जपानी, थाई बौद्ध, तैवानी आणि हिजरी कालगणनेचे क्लास आहेत. भारत सरकारने २२ मार्च १९५७ पासून स्वीकारलेल्या राष्ट्रीय शक दिनदर्शिकेचा नाही. त्यासाठी वेगळी लायब्ररी जोडावी लागते. राजपत्रावर छापली जाणारी आपली तारीख जावाच्या मूळ पेटीत असावी, असे मनापासून वाटते. जावाचा स्रोत खुला आहे. आपल्या एखाद्या महाविद्यालयातल्या मुलांनी अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून हे हाती घ्यावे.

माझ्या मागण्या अवघड नाहीत. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी जावाच्या प्रॅक्टिकलमधून जुने डेट आणि कॅलेंडर काढून जावा डॉट टाइम घालावे. जुना प्रोग्राम वाचता यावा म्हणून एखादा तास त्यांची ओळख जरूर द्यावी, पण नवे लिहिताना नाही. पायथॉन ही दुसरी भाषा शिकवणाऱ्यांनी टाइम झोन असलेली आणि नसलेली वेळ यांतला फरक पहिल्याच धड्यात सांगावा. फॉर्म बनवणाऱ्यांनी जन्मतारीख ब्राउझरच्या डेटमधून न पाठवता साध्या वर्ष-महिना-दिवस अशा मजकुरात पाठवावी आणि डेटाबेसमध्ये फक्त तारखेच्या रकान्यात ठेवावी. टेंडर काढणाऱ्या कार्यालयांनी काम ताब्यात घेण्याआधी काही तारखा स्वतः भरून, छापून पाहाव्यात: १९४३ किंवा १९४४ मधली एक, महिन्याची १ तारीख, १ जानेवारी, लीप वर्षातली २९ फेब्रुवारी, ३१ डिसेंबर, आणि १ जानेवारी १९७०, कारण रिकामी तारीख पुष्कळदा याच रूपात छापून येते आणि त्या दिवशी खरोखर जन्मलेल्या माणसाची नोंद रिकामी समजली जाते. अर्ध्या तासाचे काम आहे आणि त्याला संगणकाचे शिक्षण लागत नाही.

ज्या कार्यालयांत अशा चुकीच्या तारखा आधीच साठल्या आहेत त्यांना एक कळकळीची विनंती. दोष लक्षात आल्यावर सगळ्या नोंदींत सरसकट एक दिवस मिळवण्याचा मोह होतो. तसे कृपया करू नका. काही नोंदी कागदावरून हाताने भरलेल्या असतात आणि त्या बरोबर असतात. काही फॉर्ममधून आलेल्या असतात आणि चुकलेल्या असतात. दोन्ही एकाच रकान्यात बसलेल्या असतात. नोंद कोणत्या मार्गाने आली हे पाहून, मूळ दाखल्याशी ताडूनच दुरुस्ती करावी, आणि तोवर ज्या ज्येष्ठाचा कागद आणि पडदा जुळत नाही त्याचा कागद खरा धरावा. आमच्याकडे चाचणीसाठी वापरत असलेल्या तारखांची यादी तयार आहे. जिल्ह्यातल्या कोणत्याही संस्थेला, शाळेला किंवा कार्यालयाला ती हवी असल्यास आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. मी विनामूल्य देईन आणि गरज पडल्यास येऊन तपासूनही देईन.

आपली,
पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारी एक वाचक,
सांगली